बोरिवली : नावांनी राखलेला भूगोल

मुंबईच्या उत्तर टोकाकडील बोरिवली म्हणजे पश्चिम रेल्वेवरील एक गजबजलेले स्थानक, एवढीच या उपनगराची ओळख अनेकांच्या मनात उरली आहे. वस्तुतः पूर्वेस वनाच्छादित डोंगर, पश्चिमेस गोराईची खाडी आणि या दोहोंमध्ये वसलेली जुनी गावे, हे बोरिवलीचे मूळ रूप होय. त्या रूपाची साक्ष येथील स्थलनामे आजही देतात.

बोरीच्या झाडांवरून ‘बोरिवली’ हे नाव पडले, असे परंपरेने मानले जाते. डोंगरातील कान्हेरीचे नाव ‘कृष्णगिरी’, म्हणजे काळा डोंगर, या शब्दापासून आले. तेथील प्राचीन शिलालेखांत मंगलस्थान या गावातील भूमिदानाचा उल्लेख आढळतो. तेच आजचे मागाठाणे, असे अभ्यासकांचे मत आहे. ज्या गावाला आपण कालची वस्ती समजतो, त्याचे नाव शतकानुशतके लोकांच्या ओठांवर नांदते आहे!

नावाचा विसर पडला की भूमीच्या स्वभावाचाही विसर पडतो. दहिसर आणि पोईसर या नद्या याच डोंगरांत उगम पावून उपनगरांतून खाडीकडे जातात. लोकव्यवहारात त्यांचा ‘नाला’ झाला आणि नाल्यात कचरा टाकताना कोणाचाही हात अडखळेना. पात्रे आक्रसली, काठांवर बांधकामे झाली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा या ‘नाल्यां’नी आपण नद्या असल्याचे घराघरांत शिरून सांगितले.

एप्रिल २०२२ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोच्या मार्गिका ७ वर ओवरीपाडा, देवीपाडा, मागाठाणे, पोईसर ही नावे स्थानकांना मिळाली, ही समाधानाची बाब आहे. परंतु त्याच परिसरातील उत्तुंग इमारतींना परदेशी वाटणारी नावे देण्याची हौस काही ओसरत नाही. पाड्याचे नाव सांगणे कमीपणाचे वाटावे, ही मनोवृत्ती खेदजनक आहे.

हे काम केवळ शासनाचे नव्हे. गृहसंकुलाच्या फलकावर मूळ गावाचे वा पाड्याचे नाव असावे, पुलावर नदीचे नाव ठळक लिहावे आणि पालकांनी मुलांना एकदा तरी त्या नदीच्या उगमाच्या दिशेने डोंगराकडे न्यावे. नदीला नदी म्हणणारी पिढी घडली, तरच नदी वाचेल.