धर्मगुरूंनी राजकारणावर बोलावे का?

मागच्या निवडणुकीतली गोष्ट. जुम्माची नमाज अदा करून आम्ही बोईसरच्या मस्जिदीबाहेर पडत होतो. दारातच एका उमेदवाराची माणसे इमाम साहेबांना गाठून उभी होती. "मौलाना, फक्त दोन शब्द सांगा. लोक तुमचे ऐकतात." इमाम साहेबांनी छातीवर हात ठेवून नम्रपणे नकार दिला.

घरी जेवताना यावरच वाद रंगला. थोरला मुलगा म्हणाला, "बरोबर केले. मजहबने राजकारणात पडूच नये." त्याची अम्मी म्हणाली, "मग बोअरवेलला रंगीत पाणी येते, ते कोणी सांगायचे? तेही राजकारणच ना?"

दोघांचेही म्हणणे पटण्यासारखे होते. विचार करताना आम्हाला दोन ख्रिस्ती धर्मगुरू आठवले. एक दूरच्या आयर्लंडचे, दुसरे आपल्याच पालघर जिल्ह्यातले.

जॉन चार्ल्स मॅक्वेड हे १९४० ते १९७२ या काळात डब्लिनचे आर्चबिशप होते. आयर्लंडमध्ये कॅथलिकांची मोठी बहुसंख्या. १९३७ ची राज्यघटना तयार होत असताना पंतप्रधान डी व्हॅलेरा यांनी त्यांचा सल्ला घेतला होता. त्या घटनेत कॅथलिक चर्चला 'विशेष स्थान' दिले गेले. मॅक्वेड यांनी गरिबांसाठी कामही केले. युद्धाच्या टंचाईत उपाशी माणसांना अन्न मिळावे म्हणून त्यांनी संस्था उभी केली. ते नाकारता येत नाही.

पण त्यांचा शब्द घराघरांत आणि मंत्रालयातही चालू लागला. आपल्या परवानगीशिवाय कॅथलिक मुलांनी ट्रिनिटी कॉलेजात शिकू नये, असा त्यांचा हुकूम होता. ती बंदी उठायला १९७० साल उजाडले.

सर्वांत गाजले ते १९५१ चे प्रकरण. आरोग्यमंत्री नोएल ब्राउन यांना सर्व बाळंतिणींना आणि सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत उपचार द्यायचे होते. उत्पन्नाची अट नव्हती. उत्पन्न बुडेल म्हणून डॉक्टरांचा विरोध होता. बिशपांना वाटले, सरकार कुटुंबाच्या हक्कात शिरते आहे, उद्या बायकांना नको ते शिकवील. मॅक्वेड यांनी बिशपांची बाजू सरकारपुढे मांडली. पत्रे गेली, बैठका झाल्या, पण जनतेला यातले फारसे कळले नाही. मंत्रिमंडळाने योजना सोडून दिली. एप्रिलमध्ये ब्राउन यांनी राजीनामा दिला आणि सगळा पत्रव्यवहार वर्तमानपत्रांना देऊन टाकला. तेव्हा लोकांना समजले की आपल्या बाळंतिणींचा फैसला कुठे झाला होता. ज्या आईला दवाखान्याचे पैसे परवडत नव्हते, तिला मात्र कोणीच विचारले नव्हते.

पुढे १९७२ मध्ये सार्वमत घेऊन ते 'विशेष स्थान' घटनेतून काढण्यात आले. २००९ मध्ये एका चौकशी आयोगाच्या अहवालाने दाखवून दिले की मुलांवरील अत्याचाराच्या तक्रारी डब्लिनच्या चर्चने वर्षानुवर्षे दाबल्या. ज्याला प्रश्न विचारायची कोणाची छाती होत नाही, त्याच्या हातून काय होऊ शकते, याचा हा कडू धडा आहे.

आता आपल्याकडे येऊ. त्याच काळात वसईपासून वरची आपली किनारपट्टी मुंबईच्या आर्चबिशपांच्या अखत्यारीत होती. आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशस १९५३ मध्ये पहिले भारतीय कार्डिनल झाले. पण इथे ख्रिस्ती समाज अल्पसंख्य. सरकारला हुकूम सोडावा, अशी स्थितीच नव्हती. अल्पसंख्याकांच्या धर्मगुरूला लोकांना समजावून सांगावे लागते, आणि तेही फक्त आपल्याच लोकांना नव्हे. आपल्यालाही हे चांगलेच ठाऊक आहे.

वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हेच केले. ते बिशप नव्हते, साधे धर्मगुरू होते. १९८३ ते २००७ या काळात त्यांनी 'सुवार्ता' मासिक चालवले, आपल्या या मासिकासारखेच घरोघरी जाणारे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईच्या बागायती जमिनी बिल्डरांसाठी मोकळ्या होऊ लागल्या. विहिरींचे गोडे पाणी टँकर भरभरून बाहेर जाऊ लागले. किनाऱ्यालगत असा उपसा झाला की जमिनीत खारे पाणी शिरते आणि केळीच्या, फुलांच्या वाड्या उजाड होतात. दिब्रिटो 'हरित वसई संरक्षण समिती' घेऊन उभे राहिले. गुंडगिरीविरुद्धही बोलले. धमक्या आल्या, तरी थांबले नाहीत. विहीर ख्रिस्त्याची की हिंदूची, हा प्रश्नच नव्हता. पाणी सगळ्यांचेच आटत होते.

त्यांचे सगळे म्हणणे मान्य झाले असे नाही. वसई-विरारचे काँक्रीट आपण रोज लोकलमधून पाहतोच. पण ते जे बोलले ते उघड्यावर बोलले, आणि ज्याला पटले नाही त्याला विरोध करता आला. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा धर्मगुरू म्हणून त्यांना विरोधही झाला. तोही त्यांनी शांतपणे सोसला. जुलै २०२४ मध्ये ते गेले.

म्हणून घरातल्या वादावर आमचे मत असे बनले. धर्मगुरूने मत कोणाला द्यावे हे सांगू नये आणि बंद दाराआड फाईल अडवू नये. पण पाणी, दवाखाना, जुलूम यावर त्याने जरूर बोलावे. उघड बोलावे, शेजाऱ्याच्याही भल्याचे बोलावे, आणि चुकले तर आपल्यातल्या बाई-माणसाने "हे बरोबर नाही" म्हटले की ऐकूनही घ्यावे. मिंबर ही अमानत आहे.

तारापूरच्या कारखान्यांच्या सांडपाण्याविरुद्ध मांगेला समाजाच्या संघटनेने हरित लवादाकडे दाद मागितली. २०२२ मध्ये लवादाने प्रदूषण करणाऱ्या उद्योगांना भरपाई ठोठावली. मासेमारांची ती लढाई आमचीही होती, पण आम्ही तेव्हा कुठे होतो? हा प्रश्न आम्ही आधी स्वतःलाच विचारतो.

निवडणूक झाल्यानंतरच्या जुम्माला थोरल्याच्या अम्मीने पाण्याची एक बाटली भरून आमच्या हाती दिली. "इमाम साहेबांना दाखवा," म्हणाली. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली आणि विचारले, "शेजारच्या चाळीतही असेच येते का?" आम्हाला सांगता आले नाही. त्या संध्याकाळी आम्ही आणि थोरला, दोघे मिळून शेजारच्या चाळीत विचारायला गेलो.