सोन्याच्या खाणीचा लाभांश

सोन्याचा भाव चढू लागला की आपल्या मध्यमवर्गीय घरांतून दोन प्रकारची हळहळ ऐकू येते. मुलीच्या लग्नासाठी वेळीच घेतले नाही, ही एक. आणि घेतलेले सोने कपाटात पडून आहे, त्यावर दमडीचेही व्याज मिळत नाही, ही दुसरी. या दुसऱ्या दुखण्यावर हल्ली एक तोडगा सुचविला जातो. सोने घेण्याऐवजी सोने काढणाऱ्या कंपनीचे भाग घ्यावेत; भावाबरोबर भागांचे मोल वाढेल आणि शिवाय दर तिमाहीस लाभांश हाती पडत राहील. निवृत्त झालेल्या एका सहकारी प्राध्यापकांनी आपल्या भविष्यनिर्वाह निधीतील काही रक्कम अशा रीतीने अमेरिकेत गुंतवावी काय, असे मला विचारले. त्यांच्या मनात होती ती न्यूमाँट ही कंपनी. तेव्हा तिच्याच लाभांशाचा इतिहास तपासून पाहणे उचित ठरेल.

विल्यम बॉइस थॉम्पसन यांनी १९२१ साली स्थापन केलेल्या या कंपनीचे नाव न्यूयॉर्क आणि मोंटाना या दोन नावांच्या जोडणीतून तयार झाले. आरंभी तिचे काम खाणी व तेल कंपन्यांचे भाग बाळगण्याचे होते. नेवाडातील कार्लिन येथे तिच्या भूशास्त्रज्ञांना साठच्या दशकाच्या प्रारंभी जे सोने सापडले, ते इतके सूक्ष्म की डोळ्यांना दिसू नये. असे सोने मोठ्या प्रमाणावर खोदून, सायनाइडच्या द्रावणाने वेगळे करून काढणे परवडते, हे तेथे सिद्ध झाले. २०१९ साली गोल्डकॉर्प आणि २०२३ साली ऑस्ट्रेलियातील न्यूक्रेस्ट या कंपन्या तिने आपल्यात सामावून घेतल्या. २०२४ साली तिने सुमारे ६८ लाख औंस, म्हणजे दोनशे टनांहून अधिक, सोने काढले. त्या वर्षी जगातील दुसऱ्या कोणत्याही कंपनीने इतके काढले नाही. कंपनी लहान नाही आणि लुच्चीही नाही, हे आधीच सांगितलेले बरे. पुढील विवेचन तिच्या धंद्याच्या स्वरूपाविषयी आहे.

२०११ साली न्यूमाँटने एक आकर्षक घोषणा केली. लाभांश यापुढे सोन्याच्या विक्री-किमतीशी बांधला जाईल. किंमत वाढेल तसा तोही आपोआप वाढेल. सोने त्या वर्षी औंसमागे १,९०० डॉलरांच्या घरात पोहोचले होते. २०१२ साली प्रत्येक भागामागे १ डॉलर ४० सेंट लाभांश मिळाला. पुढे सोने उतरले आणि २०१५ साली संपूर्ण वर्षाचा लाभांश अवघ्या १० सेंटांवर आला. भाव पडला म्हणून लाभांश पडला. नियमच तसा होता, त्यात तक्रारीस जागा नाही.

खरा धडा दुसऱ्या खेपेचा आहे. २०२० साली कंपनीने पुन्हा सोन्याच्या किमतीवर आधारलेली योजना जाहीर केली: सोने १,२०० डॉलर असताना भागामागे वार्षिक १ डॉलर हा पाया, आणि त्यावरील भावामुळे जी जादा रोकड सुटेल तिचा ४० ते ६० टक्के हिस्सा भागधारकांना. २०२२ साली २ डॉलर २० सेंट वाटले गेले. २०२३ साली ते १ डॉलर ६० सेंट झाले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिमाहीचा दर २५ सेंटांवर, म्हणजे वर्षाला १ डॉलरवर, आणण्यात आला. त्या वेळी सोने २,००० डॉलरांच्या वर होते! ऑक्टोबर २०२५ मध्ये ते ४,००० डॉलर ओलांडून गेले, तरी त्या वर्षाच्या चारही तिमाहींत भागधारकाच्या हाती २५ सेंटच पडले.

हे कसे घडले? सोन्याची किंमत आणि खाणीचा नफा या दोन भिन्न वस्तू आहेत. २०२० साली न्यूमाँटला औंसमागे सरासरी १,७७५ डॉलरांच्या आसपास किंमत मिळाली आणि खाणी चालू ठेवण्याचा सर्व खर्च धरून औंस पडला सुमारे १,०४५ डॉलरांना. २०२३ साली किंमत १,९५४ डॉलरांपर्यंत गेली, पण खर्च १,४४४ डॉलरांवर चढला. डिझेल, पोलाद, मजुरी सारेच महागले. शिवाय मेक्सिकोतील पेन्यास्कितो ही मोठी खाण त्या वर्षी संपामुळे चार महिने बंद होती. भाव दहा टक्के वाढला आणि औंसमागील शिल्लक मात्र ७३० वरून ५१० डॉलरांवर घसरली.

त्यात वाटेकरी वाढले. न्यूक्रेस्टची किंमत न्यूमाँटने आपले नवे भाग देऊन चुकती केली. त्यामुळे सुमारे ८० कोटी भागांचे ११५ कोटी भाग झाले. ८० कोटी भागांना १ डॉलर ६० सेंट दराने सुमारे १२८ कोटी डॉलर लागतात आणि ११५ कोटी भागांना १ डॉलर दराने ११५ कोटी. कंपनीच्या तिजोरीतून जाणारी रक्कम दहा टक्क्यांनी घटली, जुन्या भागधारकाचे उत्पन्न मात्र सदतीस टक्क्यांनी! पुढे सोने तेजीत आल्यावर रोकड वाढली, तेव्हा कंपनीने आपलेच भाग बाजारातून परत विकत घेण्याकडे ती वळविली. भाग विकून नफा घेणाऱ्यास ते सोयीचे असेल; लाभांशावर घर चालविणाऱ्यास नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास आणखी एक गोष्ट खटकली पाहिजे. गिरणी जुनी झाली की यंत्रे बदलता येतात, शेतात पुन्हा पेरता येते. खाणीतून काढलेला औंस पुन्हा तेथे उगवत नाही. कोलारच्या खाणींतून १८८० च्या दशकापासून लंडनच्या भागधारकांनी भरघोस लाभांश उचलले. २००१ साली त्या बंद पडल्या. खाणीच्या लाभांशात भांडवलाचाच काही अंश परत येत असतो, आणि तो उत्पन्न समजून खर्च करणे म्हणजे मुद्दल खाणेच होय. कंपनीला मात्र नव्या साठ्यांसाठी सतत पैसा ओतावा लागतो. खाण संपल्यावरही खर्च संपत नाही. पेरूमधील यानाकोचा येथील पाण्याच्या शुद्धीकरणासाठी व जमीन पूर्ववत करण्यासाठी न्यूमाँटला २०२१ च्या हिशेबात दीड अब्ज डॉलरांहून अधिक तरतूद वाढवावी लागली. तेथून जवळच्या कोंगा प्रकल्पाला तर डोंगरातील सरोवरांच्या रक्षणासाठी काहामार्काच्या जनतेने असा विरोध केला की २०११ साली त्याचे काम थांबवावे लागले. त्या लोकांची बाजू मला न्याय्य वाटते. भागधारकाने निदान ती हिशेबात तरी धरावी.

सोन्याच्या दीर्घ तेजीवर ज्याचा विश्वास आहे आणि चढउतार सोसण्याइतके ज्याचे वय व उत्पन्न आहे, त्याने असे भाग घेण्यास माझा आक्षेप नाही. पण माझ्या सहकाऱ्यांचा हिशेब निराळा होता. शंभर भागांवर २०२२ साली २२० डॉलर मिळाले असते; २०२५ साली शंभर. त्यांतील २५ टक्के कर अमेरिका आधीच कापून घेते. भारतातील कर भरताना त्याची वजावट मागता येते खरी, पण त्यासाठी वेगळे विवरण भरावे लागते, आणि डॉलर-रुपयाचा दर आपल्या हाती नसतो. त्यांना या पैशांतून पत्नीच्या औषधांचा महिन्याचा खर्च भागवायचा होता. ती रक्कम त्यांनी तूर्त टपाल खात्याच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवली आहे.