आधी मुक्काम ठरवा, मग देखावा

मोटरहोम किंवा कॅम्पर व्हॅन भाड्याने घेऊन लडाख गाठायचे बेत हल्ली बरीच मराठी कुटुंबे आखतात. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे एका गाडीत, हॉटेलचे बुकिंग नाही, जिथे नजारा आवडेल तिथे मुक्काम. कोकणात हे खुशाल करावे. मनाली-लेह रस्त्यावर मात्र हाच मोकळेपणा अंगाशी येतो.

विरळ हवेचा त्रास दिवसा कुठवर चढलो यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपलो यावर अधिक अवलंबून असतो. झोपेत श्वास मंदावतो आणि रक्तातील ऑक्सिजन आणखी उतरतो. म्हणून ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असे या विषयातले डॉक्टर सांगतात.

मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे. अटल बोगद्यामुळे २०२० पासून रोहतांगचा घाट टळला आणि सरचूचे पठार एका दिवसात गाठणे सोपे झाले. ते आहे ४,३०० मीटरच्या आसपास. म्हणजे मुक्काम एकदम सव्वादोन हजार मीटर वर! शिवाय सरचू उंच खिंडींच्या मध्ये अडकलेले. रात्री कुणाला बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जाऊ लागला, तर खरा उपाय ताबडतोब खाली उतरणे हाच. पण मनालीकडे उतरायचे तर आधी सुमारे ४,९०० मीटरची बारालाचा ला चढावी लागते, आणि लेहकडे जायचे तर ५,००० मीटरवरची लाचुंग ला. ताऱ्यांनी भरलेल्या आकाशाचे फोटो तिथे सुरेख येतात, हे मान्य.

त्यापेक्षा फेरी उलटी करावी. श्रीनगरहून निघून सोनमर्ग आणि कारगिल या सुमारे २,७०० मीटरवरच्या ठिकाणी रात्र काढावी, पुढची ३,००० च्या जवळ असलेल्या खलसीला, मग ३,५०० मीटरवरचे लेह. तिथे दोन दिवस गाडी हलवू नये. पँगाँग त्यानंतर. शरीर रुळल्यावर परतताना मनालीची वाट धरली, तर तोच देखावा बराच कमी धोक्यात पाहता येतो. हृदयविकार किंवा फुप्फुसाचा आजार असेल, तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावेच.

मोटरहोमचा आणखी एक धोका असतो. बाहेर थंडी, म्हणून खिडक्या लावून उबेसाठी गॅसची शेगडी पेटती ठेवली जाते. त्यातून साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्याची सुरुवातही डोकेदुखी व मळमळीनेच होते. सगळे उंचीला दोष देऊन पडून राहतात. बोटाला लावायचे साधे ऑक्सिमीटर इथे फसते, आकडा चांगला दाखवत राहते. गाडीतल्या सगळ्यांना एकदम त्रास होऊ लागला, तर दारे उघडून आधी बाहेर पडावे. आणि गाडी ठरवताना गादी दाबून पाहण्याआधी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवला आहे का, तो चालतो का, हे विचारावे.