आधी पाणघोडा, मग चेंडू



गोल्फ म्हटले की आपल्या माणसाला वाटते, हा साहेब लोकांचा खेळ, आपला त्याच्याशी संबंध काय? मुंबईत चेंबूरला आणि पुण्यात येरवड्याला गोल्फची मैदाने आहेत. आपल्यापैकी बहुतेकांनी ती बाहेरूनच पाहिलेली. पण साहेबांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन दिवसभर चालणारा कॅडी हा कष्टकऱ्याच्याच घरचा असतो. म्हणून आज या खेळाविषयी, आणि खेळापेक्षाही त्या मैदानावर भेटणाऱ्या पशुपक्ष्यांविषयी चार शब्द.

खेळ तसा सोपा. लहानसा चेंडू काठीने मारत मारत सव्वाचार इंच रुंदीच्या खड्ड्यात घालायचा. असे १८ खड्डे. फटका मारायला काही क्षण पुरतात, चार तास जातात ते चालण्यात. झाडांखालून, तळ्याच्या काठाने, मोकळ्या हवेत. या खेळाच्या भाषेतही पाखरे शिरली आहेत. ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी लागला तर ‘बर्डी’, म्हणजे चिमुकले पाखरू. दोन कमी लागले तर ‘ईगल’, म्हणजे गरुड.

दक्षिण आफ्रिकेत क्रूगर नावाचे प्रचंड मोठे राष्ट्रीय अभयारण्य आहे. तेथे स्कुकुझा येथे १९७२ साली उद्यानातील कर्मचाऱ्यांच्या विरंगुळ्यासाठी नऊ खड्ड्यांचे मैदान तयार झाले. आज तेथे पाहुणेही खेळतात. या मैदानाला कुंपण नाही! खेळण्यापूर्वी, काही बरेवाईट झाल्यास जबाबदारी आमची, असे लिहून द्यावे लागते. शेजारच्या तळ्यात पाणघोडे आणि मगरी. हरणांचे कळप भर मैदानात चरतात. रानडुकरासारखा वॉर्टहॉग पुढचे गुडघे टेकून गवत खातो, जणू शेतात निंदणी करणारा मजूर. पाणघोडा दिवसा पाण्यात डुंबतो आणि रात्री चरायला बाहेर पडतो. कोरड्या दिवसांत रान वाळते, तेव्हा पाणी घातलेल्या हिरवळीकडे जनावरांची पावले वळणारच. खेळाडू काय करतो? काठी टेकवून उभा राहतो. जनावर बाजूला झाले की मगच फटका. युगांडातील जिंजा येथे तर पाणघोड्याच्या पावलाच्या खड्ड्यात चेंडू पडला, तर तो दंडाशिवाय उचलून घेण्याची मुभा नियमातच होती. घर जनावराचे, पाहुणे आपण, हे तेथे प्रत्येकाला मान्य करावे लागते.

पण त्याच दक्षिण आफ्रिकेत माणसाने माणसाशी कसे वागावे, याचे नियम मात्र वेगळे होते. पापवा सेवगोलम हा डर्बनचा भारतीय वंशाचा गरीब कॅडी. काठीवर हात उलटे धरून खेळायला तो आपल्या आपण शिकला. १९५९ साली त्याने हॉलंडची खुली स्पर्धा जिंकली. १९६३ साली डर्बनमध्ये नाताळ प्रांताची स्पर्धा जिंकली, तेव्हा पाऊस पडत होता. गोरे लोक क्लबाच्या छपराखाली आणि विजेता बाहेर! करंडक त्याला बाहेर पावसातच देण्यात आला. पुढे सरकारने मोठ्या स्पर्धांची दारेच त्याला बंद केली.

बंधूंनो, ज्या गवतावर पापवा खेळला, त्या गवताने त्याचा वर्ण विचारला नाही. झाडाने सावली देताना भेद केला नाही. दार बंद केले ते माणसाने. आपल्याला हा प्रकार नवा नाही. पाणी निसर्गाचे असूनही महाडचे तळे आपल्याला १९२७ साली सत्याग्रह करून मागावे लागले.

तेव्हा गोल्फ परवडत नाही म्हणून निसर्गही आपला नाही, असे मुलांच्या मनात येऊ देऊ नका. त्या खेळात घेण्यासारखे जे आहे, म्हणजे सावकाश चालणे, थांबणे आणि पाहणे, त्याला पैसा लागत नाही. रविवारी सकाळी लेकरांना घेऊन जवळच्या टेकडीवर, तळ्यावर जा. ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात. ते दुरून दाखवा. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. ती डोक्यावर ओरडत फिरू लागली की पाऊल मागे घ्यायला मुलांना शिकवा. हातातला दगड खाली ठेवायला शिकवा. आणि आपल्या वस्तीत कोणी कॅडी असेल, तर त्याला एकदा मुलांसमोर बसवा. मैदानावरची पाखरे त्याने साहेबांपेक्षा जास्त पाहिलेली असतील.