औषधांची मक्तेदारी आणि कागदावरचे कलम

मुंबईच्या पेटंट कार्यालयातून ९ मार्च २०१२ रोजी एक आदेश निघाला. यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील सोराफेनिब हे औषध बायर ही जर्मन कंपनी महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना विकत होती. तेच जास्तीत जास्त ८,८८० रुपयांना विकण्याचा सक्तीचा परवाना हैदराबादच्या नाटको कंपनीस मिळाला. बायर बुडाली नाही; तिला स्वामित्वधन मिळणारच होते. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने हा आदेश कायम केला. परंतु पेटंट कायद्याच्या ८४ व्या कलमाखाली दिलेला तो पहिला परवाना आजवर एकमेवच राहिला आहे!

हे कलम १९७० च्या कायद्यातले. त्या कायद्याने औषधावर नव्हे, तर केवळ ते तयार करण्याच्या कृतीवर पेटंट ठेवले. म्हणूनच आपले औषध कारखाने उभे राहिले आणि २००१ साली सिप्लाला एड्सवरील तीन औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ करता आली. पाश्चात्त्य कंपन्या त्यासाठी दहा हजार डॉलरहून अधिक घेत होत्या. जागतिक व्यापार संघटनेच्या करारापायी २००५ पासून औषधावरील पेटंट परत आले, तेव्हा सक्तीचा परवाना हीच गरीब रुग्णाची ढाल उरली.

सरकारला तिचे वावडे का असावे? ऑक्टोबर २०२० मध्ये जिनिव्हात भारताने दक्षिण आफ्रिकेसह कोविडच्या औषधांवरील पेटंट स्थगित करण्याची मागणी केली. मे २०२१ मध्ये मात्र सर्वोच्च न्यायालयात याच सरकारने सक्तीच्या परवान्यांना प्रतिकूल भूमिका घेतली. परदेशात गर्जना आणि घरात मौन, असा हा व्यवहार.

आता तर ढालीलाच भोके पाडली जात आहेत. आपले पेटंट देशात किती वापरात आणले, याचे विवरण कंपन्यांना दरसाल द्यावे लागे. बायरचे औषध जेमतेम दोन टक्के रुग्णांपर्यंत पोहोचते, हा २०१२ चा निष्कर्ष अशा विवरणांच्याच आधारे निघाला होता. मार्च २०२४ च्या नियमांनी हे विवरण तीन वर्षांतून एकदाच देण्याची मुभा दिली. पेटंट देण्यापूर्वी कोणाही व्यक्तीला विरोध नोंदविता येतो, त्यावरही शुल्क बसले. शिवाय विरोध दाखल करून घेण्याजोगा आहे की नाही, हे अधिकाऱ्याने आधी ठरवायचे. मार्च २०२३ मध्ये क्षयावरील बेडाक्विलिनची मक्तेदारी लांबविणारा जॉन्सन अँड जॉन्सनचा अर्ज मुंबई कार्यालयाने फेटाळला, तो क्षयातून बऱ्या झालेल्या दोन स्त्रियांच्या अशाच विरोधामुळे. त्यांतील एक भारतीय, दुसरी दक्षिण आफ्रिकेची. औषध कंपन्यांच्या वकिलांपुढे या दोघींना शुल्क आणि उंबरठ्यावरची छाननी, हा कोणता न्याय?

२०२४ चे हे नियम रद्द झाले पाहिजेत आणि विवरण पुन्हा दरसाल जाहीर झाले पाहिजे. संसदेतील आमच्या मित्रपक्षांनी आरोग्यमंत्र्यांना थेट विचारावे: २०१२ नंतर किती औषधांसाठी आपल्या खात्याने सक्तीच्या परवान्याची शिफारस केली, आणि त्या शिफारशी कोणत्या टेबलावर अडल्या?