गृहोपयोगी यंत्रें : पुसण्यापूर्वीं

गेल्या महिन्यांत एका वाचकभगिनींचें पत्र आलें. त्यांच्या मामंजींना गेल्या श्रावणांत देवाज्ञा झाली. त्यांच्यामागें त्यांचा अँड्रॉइड फोन राहिला आहे. फोन चांगला आहे, दोन-तीन वर्षांचाच आहे. तेव्हां तो ‘फॅक्टरी रीसेट’ करून, म्हणजे कारखान्यांतून निघाला त्या स्थितीस नेऊन, यंदां महाविद्यालयांत गेलेल्या नातीस द्यावा, असें धाकट्या भावोजींचें मत पडलें. पुतण्या तर “पांच मिनिटांचें काम आहे, काकू” असें म्हणून फोन हातांत घेऊन बसलाही होता. परंतु सासूबाईंनीं तो काढून घेतला व देवघरांतील फडताळांत ठेवून दिला. मामंजी रोज सकाळीं स्नानसंध्या आटोपल्यावर एक सुभाषित म्हणून, त्याचा अर्थ सांगून, तें नातवंडांस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवीत असत. तो आवाज त्या फोनांत आहे आणि तो पुसूं द्यावयास सासूबाई तयार नाहींत. यावरून घरांत थोडी कुरबुर झाली आहे. “दोघांचेंही म्हणणें मला पटतें; मीं काय करावें?” असें भगिनींनीं विचारलें आहे.

आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. सासूबाईंनीं फोन काढून घेतला हें योग्यच केलें. मात्र तो फडताळांत नुसता ठेवून दिल्यानें आवाज सुरक्षित राहील हा समज बरोबर नाहीं. नातीस फोन द्यावा हें भावोजींचें म्हणणेंही गैर नाहीं. फक्त त्यापूर्वीं करावयाचीं कामें पांच मिनिटांचीं नव्हेत. तीं कोणतीं, व कोणत्या क्रमानें करावयाचीं, हें समजण्यासाठीं रीसेट केल्यानें फोनाच्या पोटांत काय घडतें तें प्रथम पाहूं.

फोनाच्या स्मरणसंचयाचे ठोकळमानानें दोन भाग असतात. एका भागांत यंत्र चालविणारी प्रणाली, म्हणजे अँड्रॉइड, असते. दुसऱ्या भागांत आपण त्यांत घातलेलें सर्व असतें : छायाचित्रें, ध्वनिमुद्रणें, निरोप, पत्ते आणि मागाहून घेतलेलीं अ‍ॅप्स. रीसेट केला म्हणजे हा दुसरा भाग रिकामा होतो. पहिल्यास हात लागत नाहीं. म्हणून मध्यंतरीं अँड्रॉइडची नवी आवृत्ति घेतली असेल तर रीसेटनंतरही ती नवीच राहते. फोन विकत घेतला त्या दिवशींची जुनी आवृत्ति परत येत नाहीं. त्याचप्रमाणें बॅटरी जीर्ण झाली असेल किंवा यंत्रांत पाणी गेलें असेल तर रीसेटानें तो दोष जात नाहीं. मंद झालेला फोन सुधारण्यासाठीं रीसेटाकडे धांवण्यापूर्वीं फोन बंद करून पुन्हां चालू करणें, नको असलेलीं अ‍ॅप्स काढणें व जागा मोकळी करणें हे साधे उपाय आधीं करून पाहावे, असें आम्ही नेहमीं सांगत असतों.

आतां प्रश्न असा कीं, पुसलेलें परत मिळतें काय? एके काळीं पुष्कळ वेळां मिळत असे. अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ सालीं विक्रीस आला. त्यानंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतील फोनांत पुसणें म्हणजे ग्रंथाची अनुक्रमणिका फाडून आंतील पानें तशींच ठेवण्यासारखें होतें. २०१५ सालीं केंब्रिज विद्यापीठांतील लॉरंट सायमन व रॉस अँडरसन यांनीं पांच निरनिराळ्या कारखानदारांचे २१ वापरलेले फोन घेऊन परीक्षण केलें, तेव्हां रीसेटनंतरही निरोप, छायाचित्रें, इतकेंच नव्हे तर गूगल खातें उघडण्याचीं साधनेंसुद्धां परत काढतां येतात असें त्यांना आढळलें. तपासलेल्या फोनांत अँड्रॉइडच्या २.३ पासून ४.३ पर्यंतच्या आवृत्त्या होत्या. इतका जुना फोन कोणाच्या घरीं पडला असेल तर नुसता रीसेट करून तो परक्यास विकूं नये. त्यांत ‘एन्क्रिप्ट’ करण्याची सोय असल्यास आधीं ती वापरावी व मग रीसेट करावा.

हल्लींच्या फोनांची गोष्ट याच्या उलट आहे. त्यांतील सर्व मजकूर कूटलिपींत लिहिला जातो व ती लिपि उलगडणारी किल्ली यंत्राच्या आंतच असते. २०१९ सालच्या अँड्रॉइड १० पासून प्रत्येक नव्या फोनांत अशी व्यवस्था असणें आवश्यक ठरविलें आहे. रीसेट केला म्हणजे ही किल्लीच नाहींशी होते. मजकुराचे कांहीं अवशेष उरले तरी ते कोणासही वाचतां येत नाहींत. मामंजींचा फोन दोन-तीन वर्षांचा आहे, म्हणजे याच जातीचा. तेव्हां पुतण्यानें तें बटण दाबलें असतें तर आंतला आवाज परत आणणें जगांतील कोणाही कारागिरास शक्य झालें नसतें. ‘रीसेट केलेल्या फोनांतील सर्व कांहीं परत काढून देऊं’ असें कोणी दुकानदार सांगूं लागल्यास त्याच्या हातीं पैसे देऊं नयेत.

भगिनींनीं एक गोष्ट पत्रांत लिहिलेली नाहीं, व तीच सर्वांत महत्त्वाची आहे : फोन उघडण्याचा पिन घरांत कोणास ठाऊक आहे काय? सासूबाईंस तो ठाऊक असण्याचा बराच संभव आहे. त्यांना शांतपणें विचारावें. त्यांना आठवत नसेल तर मामंजींची डायरी, पंचांगाचें मलपृष्ठ, बँकेच्या पुस्तकाचें पाकीट हीं स्थळें पाहावीं. त्या पिढींतील माणसें असे आंकडे बहुधा कोठें तरी टिपून ठेवीत. मुलांना मात्र अंदाजानें आंकडे दाबूं देऊं नयेत. प्रत्येक चुकीबरोबर फोन अधिकाधिक वेळ थांबावयास लावतो, आणि कांहीं फोनांत ठराविक चुकांनंतर सर्व आपोआप पुसलें जाण्याची योजनाही केलेली असते.

पिन मिळाला तर काम सोपें आहे. फोन उघडून तारेनें संगणकास जोडावा, व फोनावर जी विचारणा येईल तींत फाइली पाठविण्याचा पर्याय निवडावा. व्हॉट्सअ‍ॅपवरील बोलके निरोप त्याच्याच मीडिया फोल्डरांत ‘व्हॉइस नोट्स’ नांवाच्या निराळ्या कप्प्यांत असतात. तो कप्पा, छायाचित्रांचे कप्पे व ध्वनिमुद्रणें हीं सर्व संगणकावर उतरून घ्यावीं. पत्ते केवळ फोनांत लिहिलेले आहेत कीं गूगल खात्यांत, हें पाहून तेही घ्यावे. नंतर त्यांतील चार-दोन निरोप संगणकावर लावून प्रत्यक्ष ऐकावे. नक्कल केली म्हणजे ती उत्तम उतरलीच असें नसतें. ही नक्कल दोन ठिकाणीं ठेवावी, एक घरांत व एक घराबाहेर, एखाद्या वन्संकडे. आमची अशी सूचना आहे कीं हें काम त्या पुतण्याकडेच सोंपवावें व सासूबाईंनीं शेजारीं बसावें. पांच मिनिटांत काय नाहींसें होणार होतें तें त्याच्या तेव्हां आपोआप ध्यानांत येईल.

येथें एक मर्यादा मात्र पाळावी. फोन म्हणजे एका माणसाची खाजगी पेटी आहे. मामंजींनीं आपल्या मित्रांशीं किंवा भावंडांशीं काय पत्रव्यवहार केला तो घरांतील तरुणांनीं वाचीत बसूं नये. काय ठेवावें व काय न वाचतां जाऊं द्यावें याचा निर्णय सासूबाईंचा. तसेंच, त्या फोनावरील बँकेच्या व पैशांच्या अ‍ॅप्सना कोणीं हात लावूं नये; मृत्यूचा दाखला देऊन बँकेशीं रीतसर व्यवहार करावा.

पिन मुळींच मिळाला नाहीं तर फोनांतील आवाज फोनांतून काढतां येणार नाहीं, हें कटु सत्य स्वीकारावें लागेल. बटणें दाबून अशा फोनाचाही रीसेट करतां येतो. परंतु त्यापुढें दुसरी अडचण उभी राहते. २०१५ सालीं अँड्रॉइड ५.१ मध्यें चोरांच्या बंदोबस्तासाठीं अशी योजना आली कीं, बाहेरून रीसेट केलेला फोन पूर्वीच्या मालकाचें गूगल खातें व त्याचा परवलीचा शब्द मागतो. तो मिळेपर्यंत पुढें जात नाहीं. म्हणजे आवाजही गेला आणि नातीस फोनही मिळाला नाहीं, अशी दुहेरी हानि व्हावयाची. म्हणून पिन व खात्याचा परवलीचा शब्द या दोन्हींचा शोध लागल्यावांचून रीसेटाचें नांवही काढूं नये.

फडताळांत ठेवलेला फोन सुरक्षित कां नाहीं, तें आतां सांगतों. बॅटरी महिनेन्‌महिने रिकामी राहिल्यास खराब होते व कधीं कधीं फुगते. म्हणून अधूनमधून फोन भारित करावा. त्यांतील सिमचा भरणा थांबला तर कांहीं काळानें तो क्रमांक दुसऱ्या कोणास तरी दिला जातो. व्हॉट्सअ‍ॅपची राखीव नक्कल मामंजींच्या गूगल खात्यांत ठेवलेली असेल तर ती नव्या फोनावर उतरवितांना तोच क्रमांक लागतो. तेव्हां सर्व काम आटोपेपर्यंत तो क्रमांक चालू ठेवावा. आणि तिसरी गोष्ट, दोन वर्षें न वापरलेलीं वैयक्तिक गूगल खातीं त्यांतील पत्रें व छायाचित्रें यांसह काढून टाकण्याचें धोरण गूगलनें २०२३ सालीं जाहीर केलें व त्याच वर्षींच्या डिसेंबरपासून तें लागू झालें. गेल्या श्रावणापासून ही मुदत चालू झालेली आहे. मृत व्यक्तीच्या खात्याविषयीं निकटच्या आप्तांनीं गूगलकडे अर्ज करण्याची सोय आहे. परवलीचा शब्द न मिळाल्यास हा अर्ज लौकर करावा.

सर्व नकला हातीं आल्या, ऐकून झाल्या, आणि सासूबाईंनीं आपखुषीनें होकार दिला, म्हणजे मग रीसेट करावा. आधीं सिम व असल्यास मेमरी कार्ड काढून घ्यावें. सेटिंग्जमध्यें जाऊन फोनावरील गूगल खातें काढावें. त्यामुळें नातीस पुढें तें विचारलें जाणार नाहीं. खातें फोनावरून काढल्यानें गूगलकडील मजकूर नाहींसा होत नाहीं. फोन चार्जरला लावावा. मग सेटिंग्जमधील ‘सिस्टीम’ व त्याखालील ‘रीसेट ऑप्शन्स’ येथें ‘इरेझ ऑल डेटा’ हा पर्याय असतो. कांहीं कारखानदारांच्या फोनांत तो ‘जनरल मॅनेजमेंट’ या सदराखालीं सांपडतो. फोन पिन विचारील, पुन्हां एकवार खात्री करून घेईल व कामास लागेल. या कामास तासभरही लागूं शकतो. तेवढ्यांत घाईनें तो बंद करूं नये.

ज्या घरांत वडीलधारी मंडळी सुदैवानें हिंडतीं-फिरतीं आहेत त्यांनींही यावरून बोध घ्यावा. मृत्युपत्र व विम्याचे कागद ज्या पाकिटांत असतात त्यांतच फोनाचा पिन व खात्याचा परवलीचा शब्द मोहोरबंद करून ठेवावा. गूगल खात्यांत ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ नांवाची सोय २०१३ सालापासून आहे. आपण ठरवूं तितके महिने, तीनपासून अठरापर्यंत, खातें वापरलें गेलें नाहीं तर त्यांतील मजकूर कोणास द्यावा हें तींत आधींच लिहून ठेवतां येतें. हें विचारतांना मुलांनीं संकोच करूं नये व वडिलांनीं मनांत अशुभ आणूं नये. विम्याच्या अर्जावर वारसाचें नांव आपण लिहितोंच कीं नाहीं?

आतां भगिनींस शेवटची, परंतु आजच करण्याजोगी एक गोष्ट सांगतों. मामंजी आपलीं सुभाषितें नातवंडांस पाठवीत असत, असें आपणच लिहिलें आहे. म्हणजे जो आवाज फडताळांतल्या फोनांत आहे तोच नातवंडांपैकीं प्रत्येकाच्या फोनांतही पोंचलेला आहे; असे बोलके निरोप ज्यास येतात त्याच्या फोनांत ते आपोआप उतरतात. पिन सांपडो वा न सांपडो, तेथील आवाज आज आपल्या हातीं आहे. मात्र तरुण मंडळी फोनांत जागा कमी पडली म्हणजे जुने निरोप सरसकट पुसून टाकतात. तेव्हां घरांतील व परगांवच्या सर्व नातवंडांस आज रात्रींच कळवावें कीं, आजोबांचे निरोप कोणींही पुसूं नयेत, आणि येत्या रविवारीं प्रत्येकानें ते सर्व एकत्र करून आपल्याकडे पाठवावे. तीं सुभाषितें एकदां सासूबाईंस ऐकवावीं. मग फडताळाची किल्ली त्यांच्याकडे मागतांना आपणांस अवघड वाटणार नाहीं, आणि देतांना त्यांनाही.