आरएक्सला १३५ चं इंजिन : पिकअप पाहिजे की ओढ?

यामाहा आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ ला थांबलं, तरी आपल्या कोल्हापूर भागात तिचा नाद खुळाच. पोरं आता तिच्यात आरएक्स १३५ चं इंजिन बसवत्यात. एकाच घरातल्या गाड्या, त्यामुळं फ्रेमला बसतं. ९८ सीसीच्या जागी १३२ सीसी. पिकअप वाढतो, खोटं कशाला बोला.

पण दुधाचे कॅन नाहीतर वैरणीचा भारा घेऊन पाणंदीतनं निघायचं तर कमी आरपीएमला ओढ लागते. टू-स्ट्रोकची खरी ताकद वरच्या आरपीएमला खुलते, आणि चिखलात तिथवर कोण जातंय? ओढच पाहिजे तर मागचं स्प्रॉकेट दोन-तीन दातांनी मोठं टाका, चेनची लांबी तेवढी बघा. टॉप स्पीड थोडा कमी होईल, पण भार घेऊन गाडी सहज उठेल, क्लचही वाचेल.

विहिरीवरचं बघा. पाइप तीच ठेवून ३ च्या जागी ५ एचपीची मोटर लावली म्हणून पाणी त्या हिशोबात वाढत नाही, घर्षणातच ताकद जाते. गाडीचंही तसंच. ब्रेक जुने ड्रमचेच, मग वाढलेला वेग आवरायचा कशानं?

वर कागदांचा घोळ. इंजिन नंबर आरसीवर असतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणं असा बदल आरटीओच्या परवानगीशिवाय चालत नाही. अपघातात नंबर जुळला नाही, तर विम्याचा क्लेम अडकू शकतो. घरच्यांनी मग कुणाकडं बघायचं?

माझं मत सरळ आहे : आहे त्याच इंजिनाचं बोअर-पिस्टन करा, स्प्रॉकेट बदला, उरलेल्या पैशात ब्रेक लायनर आणि टायर घाला.